टाकीतली एक काडी: बोरिवली ते गुहागर आणि परत

गाडी विकायची की ठेवायची, यावर आमच्या घरात गणपतीपासून वाद चालू होता आणि दिवाळी उलटली तरी तो मिटेना. माझा मुलगा निनाद म्हणत होता विकायची, मी म्हणत होते नाही, आणि आमचे हे पेपरमागून दोन्ही बाजूंना मान डोलवत होते. शेवटी मी निनादला सांगितलं की बाबा रे, तोंड चालवण्यापेक्षा गाडी चालवू. शुक्रवारी मी तिला गुहागरला नेते, रविवारी संध्याकाळी ती स्वतःच्या चाकांवर बोरिवलीत परत येते. आली, तर विकण्याचं नाव काढायचं नाही. टोचन लावून आली, तर तू म्हणशील त्याला देऊन टाकू. निनाद "डन" म्हणाला आणि हसला. वर रविवारी संध्याकाळी गाडी बघायला जुन्या गाड्यांच्या एका दलालाला बोलावूनही ठेवलं. आईवर विश्वास असावा तर असा.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा गाडीसाठी एवढं काय? तर सांगते. निनादचा बेत होता की ही छोटी विकून एक मोठी सात सीटची घ्यायची, सगळ्यांसाठी. सगळ्यांसाठी म्हणजे चालवणार तो आणि मागे पिशव्या सांभाळत बसणार मी. वॉर्ड ऑफिसच्या खिडकीत उभी हयात काढल्यावर, पन्नाशी ओलांडून मी गाडी शिकले. आज मुलुंडला बहिणीकडे, घाटकोपरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे, मनात आलं तर अंधेरीला मैत्रिणीच्या नाटकाच्या तालमीला मी कुणाला न विचारता जाते. गाडी गेली की हे सगळं गेलं, पुन्हा "तू मोकळा आहेस का रे" सुरू. ते मला नको होतं. गोलगोल कशाला बोलू, मला स्टिअरिंग सोडायचं नव्हतं.

तर गाडीची ओळख. छोटी हॅचबॅक, दहा वर्षं उलटून गेलेली, अकराशे सत्त्याण्णव सीसीचं पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, ताकद ऐंशी हॉर्सपॉवरच्या आसपास. टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, पूर्ण मिळते ती चार हजार आरपीएमला. म्हणून ही इंजिनं शहरात गोगलगाय वाटतात आणि घाटात दुसऱ्या गियरला ओरडू दिली तर मुकाट चढतात. टायमिंगला पट्टा नाही, साखळी आहे. ती बदलावी लागत नाही, पण ऑइल बदलायला आळस केला की सकाळी सकाळी खुळखुळ्यासारखी वाजते. बाकी दुखणी या वयाच्या सगळ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांची: स्पार्क प्लगला वीज देणारी इग्निशन कॉइल जाते आणि गाडी तीन सिलिंडरवर लंगडते, थ्रॉटल बॉडीत काजळी धरून सिग्नलला आरपीएम खाली-वर होतो, कूलंटच्या प्लास्टिकच्या जोडाला चीर जाते, इंजिनाचे माउंटिंग बसले की उभ्या गाडीत दात वाजतात. क्लचबद्दल बोलायलाच नको. रोज लिंक रोडला हाफ क्लचवर सरकणाऱ्या गाडीचा क्लच टिकला तर नवस फेडावा. हे सगळं मी जायच्या आधी तपासून घेतलं. कॉइल नवी, कूलंट नवं, ऑइल नवं.

एक गोष्ट मात्र कुणी तपासत नाही, कारण आपल्या उपनगरांत ते दुखणं नसून शहाणपण समजलं जातं. गाडीला मागाहून सीएनजी किट बसवलेलं आहे. आणि सीएनजीवाला मुंबईकर टाकीत पेट्रोल किती ठेवतो? पेट्रोलच्या मीटरवरची शेवटची एक काडी. "स्टार्ट होण्यापुरतं." गाडी पेट्रोलवर सुरू होते, जरा गरम झाली की आपोआप गॅसवर जाते, मग पेट्रोल भरून करायचंय काय? आमच्या गाडीतही निनादने वर्षानुवर्षं हाच कायदा लावलेला. मी कधी अर्धी टाकी भरली की घरात अशी चर्चा व्हायची, जशी काही मी सोन्याचा तांब्या आणला.

गुरुवारी मी गॅसच्या रांगेत उभी राहिले. नियमाप्रमाणे सगळे गाडीतून उतरून बाजूला, त्यामुळे तिथे गप्पा फुकट. गॅस भरून झाल्यावर मी शेजारच्या पेट्रोल पंपावर जाऊन टाकी फुल करायला सांगितली, तर मागच्या रिक्षावाल्याने विचारलं की काकी, लॉटरी लागली का. मी म्हटलं, हो, लागली.

सोबतीला फिलू, म्हणजे फिलोमिना. बोरिवलीतल्याच एक्सर गावठाणातली, रिटायर्ड नर्स, आम्ही तीस वर्षांच्या मैत्रिणी. तिला गाडी येत नाही, पण न बोलता शेजारी बसता येतं, आणि हा गुण लायसन्सपेक्षा दुर्मीळ आहे. शुक्रवारी उजाडायच्या आत निघालो. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, ऐरोली पूल, पनवेल. तुम्ही जाणार असाल तर पनवेल सकाळी सातच्या आत मागे टाका, नंतर वाट लागते. पेणला आम्हाला मिसळ आणि चहा, गाडीला गॅस. वडखळपर्यंत रस्ता छान, पुढे कोलाडपर्यंत कुठे सिमेंटचा गुळगुळीत, कुठे एकदम डायव्हर्जन आणि धूळ. फिलूने खिडकी बंद केली आणि माळेचे मणी ओढायला घेतले. मी विचारलं, इतकी भीती? ती म्हणाली, नाही गो, वेळ जातो.

पोलादपूरनंतर कशेडीला आता बोगदा आहे, काही मिनिटांत पलीकडे. मी मुद्दाम जुन्या घाटाने गाडी घातली. इंजिनाची परीक्षा घ्यायला आले आणि बोगद्यातून पळाले, असं नको. गॅसवर या इंजिनाची ताकद थोडी कमी पडते, म्हणून चढणीच्या आधी डॅशबोर्डवरचं गॅसचं बटण दाबून पेट्रोलवर घेतली. पहिली दोन वळणं झकास. तिसऱ्या वळणावर गाडीने असा आचका दिला की मागची पाण्याची बाटली पुढे आली. मग दुसरा. अॅक्सिलरेटर दाबावा तर गाडी उलट मरते. मागून एसटीचा हॉर्न. खोटं कशाला सांगू, डोळ्यांसमोर सरळ तो दलाल आला, बोनेटवर बोटं वाजवणारा.

कडेला घ्यायला जागा नव्हती. हाताला सुचलं ते केलं, बटण दाबून पुन्हा गॅसवर टाकली. आणि गाडी शहाण्यासारखी चालायला लागली. चढली की अख्खा घाट, दुसऱ्या गियरला, एसी बंद करून.

वर पोचल्यावर थांबलो. फिलूने थर्मासमधला चहा ओतला आणि मी मोठ्याने विचार करायला लागले. कॉइल गेली असती, तर गॅसवरही लंगडली असती. स्पार्क प्लगचं तेच, क्लचचं तेच. गॅसवर ठणठणीत आणि पेट्रोलवर आचके, म्हणजे इंजिन धडधाकट आहे, दुखणं पेट्रोलच्या वाटेवर आहे. आणि त्या वाटेवर पहिला कोण? टाकीतला पंप. हा छोटा विजेचा पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्येच बुडून असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. आम्ही त्याला वर्षानुवर्षं एका काडीत, तळच्या गाळात, जवळजवळ कोरडा फिरवला. आता फुल टाकी केली तर तळाचा सगळा गाळ ढवळून त्याच्या जाळीत बसला. फिलू म्हणाली, म्हणजे पेशंटला वर्षभर पाणी दिलं नाही आणि आता एकदम बादली पाजली. अगदी तसंच.

मला निनादचा असा राग आला की तिथूनच फोन करणार होते. केला नाही. फोन म्हणजे अर्धा पराभव.

चिपळूणला गॅस भरून घेतला आणि संध्याकाळच्या आत गुहागरला पोचलो. गुहागरबद्दल लिहायला हवं, नाहीतर म्हणाल ही बाई गॅरेजमध्येच राहून आली. समुद्रावर सुरूची दाट रांग, तिच्यातून बाहेर आलं की वाळूच वाळू, आणि शनिवार असूनही किनाऱ्यावर मोजकी माणसं. आम्ही एका घरगुती ठिकाणी उतरलो, दोघींना जेवणखाण धरून मुंबईतल्या एका साध्या हॉटेलच्या भाड्याहून कमी पडलं. सकाळी घावणे आणि नारळाची चटणी, दुपारी उकडीचे मोदक. फिलूला मासे हवे होते, ते शोधायला जरा फिरावं लागलं, पण बांगडा मिळाला तेव्हा तिने इतकं मन लावून खाल्लं की मी बोलणंच थांबवलं. पाय पाण्यात सोडून बसलो होतो तेव्हा ती म्हणाली की तू गाडी शिकली नसतीस तर मी इथे कधी आले असते गो? तिची मुलं बाहेरगावी, नवरा नाही, तिला कोण आणणार होतं. मी तिच्या पावलांवर पाणी उडवलं.

आणि रविवारी सकाळी गाडी सुरू झाली नाही.

चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुणगुण येते, ती पंपाची. त्या दिवशी चिडीचूप. स्टार्टर गरगर फिरतोय, इंजिन पकडत नाही. फिलूने मागे जाऊन चपलेने टाकीला खालून दोन-चार फटके मारून बघितले, कधी कधी अडकलेला पंप त्याने हलतो म्हणतात. आमचा नाही हलला. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकांनी गावातला मेकॅनिक बोलावला. भला माणूस होता, रविवार असून आला. तो म्हणाला पंपच गेला, नवा चिपळूणहून आणावा लागेल, आज दुकान बंद, उद्या-परवा बसवून देतो. नाहीतर टेम्पोवर चढवून चिपळूणपर्यंत नेऊ.

तेवढ्यात निनादचा फोन. काकांच्या मुलाने आमचा फोटो मला टॅग करून फेसबुकवर टाकला होता, बोनेट उघडं, मी कमरेवर हात ठेवून. आजकाल लपवायची सोय नाही.

"आई, मी टोचनवाल्याला सांगू का? ये आता. पुरे झालं."

"नको."

"अगं, बंद पडली ना ती. हट्ट कशासाठी?"

"गाडीसाठी," म्हटलं, आणि ठेवला.

ठेवला खरा, पण रडूही येत होतं आणि चीडही. हट्टच होता तो, असू दे. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या हट्टाला डबा भरून दिला, एक माझा झाला तर कुणाचं काय बिघडतं.

मग डोकं शांत करून बसले. गाडीला पेट्रोल लागतं ते सुरू व्हायला. गॅसवर सरळ सुरू झाली, तर पंपाची गरजच नाही. किट बसवताना फिटरने एक युक्ती दाखवली होती: गॅसचं बटण दाबून धरायचं, धरलेलंच ठेवून चावी फिरवायची, की गाडी थेट गॅसवर उठते. अडीअडचणीला म्हणून. तेव्हा मी मान हलवली होती आणि निनाद फोनवर बोलत होता. मी बटण दाबून धरलं. पहिल्यांदा नुसती खोकली. दुसऱ्यांदा उठली. मेकॅनिकने हात जोडले आणि सांगितलं की काकू, गॅस संपू देऊ नका, संपला की ही आपोआप पेट्रोलवर जाणार आणि जागेवर बसणार. पैसे घ्यायला तयार नव्हता, फिलूने त्याच्या खिशात कोंबले.

परतीची वाट एका आकड्यावर आली. बटणावर चार हिरवे ठिपके असतात, गॅस किती उरला ते सांगणारे. फिलूकडे ते काम दिलं. चिपळूणला पुन्हा भरला, चार ठिपके. यावेळी कशेडीचा बोगदा, परीक्षा होऊन गेली होती. महाडला रांग बघून मी पुढे माणगावला भरू म्हटलं, तीन ठिपके होते. माणगावला पंपावर दोरी बांधलेली. गॅसचा ट्रक आला नाही, कधी येईल सांगता येत नाही, एवढंच पंपावरच्या मुलीने सांगितलं. दोन ठिपके. पुढचा गॅस पेणला.

थांबावं तर संध्याकाळ हुकते. निघावं तर मध्ये कुठेही बसू शकते. मी फिलूला विचारलं, काय करू? ती म्हणाली, तू चालवतेस, तू ठरव. मी निघाले.

एसी बंद, काचा खाली, टॉप गियरला साठच्या आसपास, ब्रेक लागू नये म्हणून पुढच्या गाडीपासून लांब. मागचे लोक हॉर्न मारून, डोळे वटारून पुढे जात होते, जाऊ दे. कोलाडला फिलू म्हणाली, एक. मग सुकेळी खिंड आली. एरवी ही चढण लक्षातही येत नाही. त्या दिवशी मला ती हिमालय वाटली. तिसरा गियर घातला, पाय अंड्यावर ठेवावा तसा अॅक्सिलरेटरवर ठेवला. निम्म्या चढावर शेवटचा ठिपका हिरव्याचा लाल झाला. फिलूने मला ते सांगितलं नाही. तिने बटणावर हात झाकून ठेवला आणि समोर बघत राहिली. नागोठणं गेलं, वडखळ गेलं, माझी मान दगड झालेली. पेणच्या गॅसच्या रांगेत शिरल्यावर तिने हात काढला आणि म्हणाली, कधीचा लाल आहे गो. मी तिला बटाटेवडा चारला आणि शिव्याही घातल्या.

बोरिवलीत शिरलो तेव्हा सोसायटीतले दिवे लागले होते. निनाद खाली उभा होता, शेजारी तो दलाल, हातात बॅटरी. मी गाडी माझ्या जागेवर लावली, उतरले. दलाल लगेच बोनेटकडे वळला आणि काही प्रॉब्लेम आहे का विचारलं. लपवायचं कशाला, मीच सांगितलं: टाकीतला पंप मेलाय, पेट्रोलवर एक फूट हलणार नाही, गुहागरहून गॅसवर आणलीय. तो खूश झाला, आता भाव पाडता येणार. निनाद म्हणाला, "म्हणजे बिघडली ना, आई?"

"बिघडली," मी म्हटलं. "आणि आली. आणि बिघडली ती माझ्या चालवण्याने नाही, तुझ्या एका काडीने."

काय झालं ते फिलूने त्याला सविस्तर सांगितलं, नर्सच्या आवाजात, ज्या आवाजापुढे डॉक्टरही गप्प बसतात. निनाद ऐकत राहिला. मग त्याने त्या माणसाला सांगितलं की सॉरी भाऊ, गाडी विकायची नाही. माणूस वैतागून गेला. मला खूप जिंकल्यासारखं वाटेल अशी कल्पना होती, पण मला फक्त आंघोळ करून झोपायचं होतं.

तुम्ही सीएनजीची छोटी गाडी घेऊन कोकणात उतरणार असाल तर ऐका. टाकी पाव भरलेली तरी कायम ठेवा, आठवड्यातून थोडं अंतर पेट्रोलवर चालवा, जुनं पेट्रोल साठवून ठेवू नका. निघायच्या महिनाभर आधी एकदा चढणीवर पेट्रोलवर पळवून बघा, आदल्या दिवशी नाही. थेट गॅसवर सुरू करायची सोय तुमच्या किटमध्ये आहे का ते फिटरला विचारा, सगळ्यांत नसते. महाडला रांग दिसली तर रांगेत उभे राहा, माझ्यासारखं करू नका. आणि हे इंजिन जुनं झालं म्हणून कुणी नाकं मुरडली, तर दुखणं इंजिनात आहे की सवयीत, ते आधी बघा.

माझ्यापाशी काय उरलं? सुरूच्या बनातला वारा उरला, फिलूचा तो झाकलेला हात उरला. गाडी उरली.

सोमवारी पंप बसवायला गॅरेजला जायचं होतं. निनादने ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवलं आणि माझ्याबरोबर खाली आला. तो बरोबर असला की गाडी तोच चालवतो, गेली कित्येक वर्षं, त्यावर कधी कुणी बोललेलंही नाही. सवयीने मी किल्ली त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली नाही. गाडीला वळसा घालून तो डावीकडे गेला, दार उघडून बसला आणि त्याने पट्टा लावला.